थाप कधी पचते: ब्लफ शिकवणाऱ्या आठ सत्रांचा अनुभव

"रिव्हरवर तुम्ही पूर्ण पॉटएवढी बेट लावलीत. त्या क्षणी तुमच्या हातात नेमकी कोणती पानं आहेत, असं समोरच्याला वाटायला हवं होतं?"

पोकरच्या शिकवणीचं पहिलं सत्र सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. (रिव्हर म्हणजे टेबलावर उघडणारं शेवटचं पान, पॉट म्हणजे डावात मध्ये जमलेल्या चिप्स, बेट म्हणजे आपण पणाला लावलेल्या चिप्स.) शिकवणाऱ्या मॅडमनी हा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. "काहीतरी मोठं," एवढंच मी म्हणाले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी मोठं असं कुणाच्याच हातात नसतं. राजा असतो, जोडी असते, फ्लश असतो. नाव घ्या."

(फ्लश म्हणजे एकाच रंगाची, जसं सगळी इस्पिकची, पाच पानं.) आठही सत्रं त्या "नाव घ्या" भोवतीच फिरली. परवा शेवटचं सत्र झालं. ही शिकवणी घेऊ की नको अशा विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहिते आहे, कारण घेण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मॅडम ही शिकवणी खाजगीरीत्या घेतात, म्हणून त्यांचं नाव देत नाही.

आधी स्वरूप सांगते. एकास एक, व्हिडिओ कॉलवर, आठवड्यातून एक सत्र, प्रत्येकी सव्वा तास. विषय एकच, नो-लिमिट होल्डेममधला ब्लफ, म्हणजे हातात फारसं काही नसताना बेट लावून समोरच्याला पानं टाकायला लावणं. होल्डेम हा पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). नो-लिमिट म्हणजे बेटला वरची मर्यादा नाही. कुठल्या पानांवर डावात उतरायचं, टूर्नामेंट कशी खेळायची, हे त्यात नाही. पहिल्या सत्राआधी आपले फसलेले तीन ब्लफ लिहून पाठवायचे असतात, पान न् पान, चिप न् चिप. मधल्या दिवसांत खेळलेले डाव पाठवले की त्यावर लेखी शेरे येतात.

माझ्याविषयी दोन ओळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. आम्ही सहा जण गेली काही वर्षं दर आठवड्याला एकत्र बसून खेळतो. मध्ये पैसे नसतात, पण कुणाच्या किती चिप्स वर, किती खाली, याची वर्षभराची वही असते आणि त्या वहीचा मान प्रत्येकजण राखतो. हे मुद्दाम सांगते आहे, कारण मॅडमनी पहिल्यांदा हेच विचारलं. चिप्स जाण्याचं ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यासमोर ब्लफ चालत नाही. वही आहे म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या.

आता तो फसलेला डाव.

ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं मिळण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स, छोटा 10 आणि मोठा 20. मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागी, हातात इस्पिकची दश्शी आणि नव्वी. मी 55 पर्यंत रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली, छोट्या ब्लाइंडने पानं टाकली, मोठ्या ब्लाइंडने कॉल केलं, म्हणजे बरोबरीच्या चिप्स टाकल्या. पॉट 120. फ्लॉपवर किलवर राजा, चौकट सत्ती, बदाम दुर्री. त्याने चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे दिली, मीही चेक केलं. टर्नला इस्पिक चव्वी, पुन्हा दोघांचा चेक. रिव्हरला चौकट दुर्री. त्याने तिसऱ्यांदा चेक केलं. याच्याकडे काही नाही, असं माझ्या मनाने घेतलं आणि मी 120 पुढे सरकवले. त्याने चार सेकंदांत कॉल केलं आणि अठ्ठी-सत्ती दाखवली. सत्तीची जोडी, वर टेबलावरची दुर्रीची जोडी. मला त्याच्या हिमतीचं आश्चर्य वाटलं होतं. अशा साध्या जोडीवर पूर्ण पॉटची बेट कॉल करायची?

मॅडमनी हा डाव मोठ्याने वाचून दाखवला, त्याच्या बाजूने. "समोरच्या बाईंनी डावाआधी रेझ केलं. फ्लॉपला राजा आला. राजा असता तर त्यांनी तिथेच बेट लावली असती. नाही लावली. टर्नला तरी लावली असती. नाही लावली. आता दुर्री पुन्हा आली आणि अचानक पूर्ण पॉट. दुर्री घेऊन त्या बटणावरून रेझ करून उतरल्या असतील का? मग आहे काय यांच्याकडे?" त्यात हिंमत कसली? त्याने फक्त नीट वाचलं होतं.

मला हे कानफटात बसल्यासारखं वाटलं, कारण माझं रोजचं काम हेच आहे. तिसऱ्या प्रकरणात डावखुरा असलेला माणूस अकराव्या प्रकरणात उजव्या हाताने सही करतो, हे मी पकडते. आणि टेबलावर बसले की स्वतःच्याच गोष्टीत असली चूक ठेवून वर समोरच्याने ती वाचू नये अशी अपेक्षा करते.

पण खरी शिकवण त्यानंतरची होती. मॅडम म्हणाल्या, "तुमचा ब्लफ चूक नव्हता. दोन पानं उशिरा आला." राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगळ्या रंगांची, कशालाच न जुळणारी कोरडी फ्लॉप. अशा फ्लॉपवर डावाआधी रेझ करणाऱ्याकडे राजा असण्याची शक्यता नुसतं कॉल करणाऱ्यापेक्षा जास्त, आणि हे दोघांनाही माहीत असतं. तिथे 120 च्या पॉटमध्ये 40 ची बेट लावली असती, तर ती चारातून एकदा पचली तरी बरोबरी झाली असती. मी मात्र 120 मध्ये 120 लावले, म्हणजे दोनातून एकदा तरी फोल्ड हवा, समोरच्याने पानं टाकायला हवीत, आणि तेही जेव्हा माझी गोष्ट कुणालाच पटण्यासारखी राहिली नव्हती तेव्हा. कमी धोक्यात पटणारी गोष्ट सांगायची संधी मी सोडली आणि जास्त धोक्यात न पटणारी सांगितली.

हिशेब सोपा आहे आणि दुसऱ्या सत्रात तो घोटून घेतला. आपली बेट भागिले पॉट अधिक बेट, तेवढ्या वेळा समोरच्याने फोल्ड करायला हवं. पॉटच्या एक तृतीयांश बेट लावली तर 25 टक्के, अर्ध्या पॉटला 33, दोन तृतीयांशाला 40, पूर्ण पॉटला 50, दुप्पट पॉटला जवळजवळ 67. हे आकडे पुढे कुठे तरी उपयोगी पडतील म्हणून शिकवत नाहीत. टेबलावर तीन सेकंदांत आठवले पाहिजेत, म्हणून मॅडम मध्येच एखादा पॉट आणि एखादी बेट फेकतात आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाहीत. समोर एकापेक्षा जास्त लोक असतील तर काय, हेही तिथेच झालं. प्रत्येकजण 60 टक्के वेळा फोल्ड करतो असं धरलं, तर दोघं मिळून 36 टक्के, तिघं मिळून जेमतेम 22. तीन जणांना एकाच बेटमध्ये उठवू पाहण्याची माझी जुनी सवय त्या एका आकड्याने गेली.

तिसरं सत्र या सगळ्या शिकवणीतलं सर्वांत उत्तम. कुणी मला विचारलं की एकच सत्र घ्यायचं तर कुठलं, तर हे.

त्या दिवशी पत्त्यांच्या जोडातली तीनच पानं वापरली, राजा, राणी, गुलाम. गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी 1950 मध्ये मांडलेला हा छोटा पोकर. दोघांनी एकेक चिप मध्ये टाकायची, प्रत्येकाला एक पान, तिसरं पालथं. बेट लावायची तर एकच चिप. बस्स. मला नेहमी पहिल्यांदा बोलायला लावलं आणि आम्ही साठ डाव खेळलो. मॅडम पानं पिसायच्या, कॅमेऱ्यासमोर माझं पान दाखवायच्या आणि स्वतःचं उचलायच्या. स्वतः माझं पान बघणार नाहीत याची त्यांनी घातलेली पद्धत थोडी वेळखाऊ होती, पण प्रामाणिक होती.

या खेळात गुलाम म्हणजे हार, राजा म्हणजे जीत. राणीचं काय करायचं? मी राणीवर सर्रास बेट लावत होते, वाटायचं की मधलं पान आहे, थोडा जोर लावावा. साठ डाव झाल्यावर मॅडमनी विचारलं, "राणीवर बेट लावल्यावर माझ्याकडे गुलाम असेल तर मी काय करेन?" सोडून द्याल. "आणि राजा असेल तर?" कॉल कराल. म्हणजे जिथे मी तशीही जिंकणार होते तिथे मला एक चिपसुद्धा जास्त मिळत नाही, आणि जिथे हरणार होते तिथे एक जास्त जाते. राणीने बेट लावून काहीच साधत नाही. ब्लफ करायचा तर गुलामावर, जो दाखवून कधीच जिंकता येत नाही. आणि तोही तीनातून फार तर एकदा. राजावर जितक्या वेळा बेट लावतो त्याच्या एक तृतीयांश वेळा गुलामावर लावायची, हे प्रमाण कूनच्या उत्तरातच आहे.

माझी नोंद निघाली तेव्हा मला एकवीस वेळा गुलाम आला होता आणि मी चौदा वेळा ब्लफ केला होता. राजा आल्यावर मात्र "सापळा लावू" म्हणून निम्म्या वेळा चेक. मॅडमनी विसाव्या डावानंतर स्वतःकडे राणी असली की माझी प्रत्येक बेट कॉल करायला सुरुवात केली होती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग त्यांनी मागचा धागा सांगितला. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या 1944 च्या ग्रंथात पोकरचं एक साधं गणिती रूप आहे, आणि त्यातही हेच निघतं. बेट लावायची ती सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट हातांवर. मधल्यांनी चेक करून उघडं व्हायचं. ब्लफ म्हणजे स्वभावाचा भाग, कुणाला जमतो कुणाला नाही, असं मी समजत आले होते. गणिताने तो खेळाचाच एक अवयव आहे असं दाखवून दिलं, हे मला फार मोलाचं वाटलं. कधीच ब्लफ न करणारा माणूस आपल्या राजाला गिऱ्हाईक ठेवत नाही.

हे खऱ्या टेबलावर कसं उतरतं? मला जाणवलेला बदल असा. मधल्या जोडीवर मोठी बेट लावणं मी थांबवलं. त्या जोडीला दाखवायच्या वेळी किंमत असते, तिला ब्लफमध्ये कशाला जाळायचं? हे एक कळलं तरी निम्मी वसुली झाली असं मी म्हणेन.

चौथं सत्र पूर्णपणे एका डावावर. 2003 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मुख्य स्पर्धा, 839 खेळाडूंमधून शेवटी उरलेले दोघे, ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फारहा. मनीमेकर पेशाने हिशेबनीस, इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून आलेला. फारहा मुरलेला व्यावसायिक. हा डाव बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि बहुतेकजण त्यातून एकच गोष्ट घेतात, की बघा, काय छाती आहे. मीही तेच घेतलं होतं.

मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फारहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. फ्लॉपवर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फारहाला सगळ्यात वरची जोडी लागली, तरी दोघांनीही चेक केलं. टर्नला इस्पिक अठ्ठी. फारहाने 3,00,000 ची बेट लावली, मनीमेकरने 8,00,000 पर्यंत रेझ केलं, फारहाने कॉल केलं. रिव्हरला बदाम तिर्री, कुणाच्याच उपयोगाची नाही. फारहाचा चेक, मनीमेकर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. फारहा बराच वेळ विचार करत राहिला आणि त्याने ती जोडी टाकली. तो डाव झाल्यावर थोड्याच वेळात स्पर्धा मनीमेकरने जिंकली.

मॅडमनी पडद्यावर टर्नचं चित्र थांबवलं आणि मला विचारलं, "इथे याच्याकडे काय आहे?" राजा-सत्ती, म्हणजे काही नाही. "मोजा." मोजायला लागल्यावर डोळे उघडले. दोघांची पानं आपल्याला दिसतात, म्हणून 44 पानं उरली. त्यांतल्या आठ इस्पिकांनी त्याचा फ्लश होतो, आणि राजा त्याच्याच हातात असल्यामुळे तो फारहाच्या राणीच्या फ्लशपेक्षा वरचा. छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी अशी ओळ आधीच जमली आहे, म्हणून इस्पिक सोडून उरलेल्या तीन दश्श्या आणि तीन पंज्यांनी स्ट्रेट, म्हणजे ओळीतली पाच पानं, होतो. उरलेल्या तीन राजांनी वरची जोडी. एकूण 17. म्हणजे "काही नाही" असं वाटणारा हात 38 टक्क्यांहून जास्त वेळा पुढच्या पानावर जिंकत होता. टर्नचं ते रेझ म्हणजे नुसती थाप नव्हती. पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कींनी रूढ केलेल्या शब्दात तो सेमी-ब्लफ होता. समोरच्याने सोडलं तर उत्तम, नाही सोडलं तरी पान लागायची वाट आहेच.

मग त्यांनी मला माझा दश्शी-नव्वीचा डाव आठवायला सांगितला. फ्लॉपवर चेक तर इथेही होता. मग इथली गोष्ट पटली कशी आणि माझी का नाही? कारण इथे फ्लॉपला दोन इस्पिकं होती. हातात दोन इस्पिकं असलेला माणूस तिथे सहज चेक करू शकतो, आणि तिसरं इस्पिक पडताच तो रेझ करतो. पान पडलं आणि वागणं बदललं, दोन्ही एकाच क्षणी. माझ्या डावात रिव्हरला दुर्री पडली तिचा माझ्या आधीच्या वागण्याशी काही संबंधच नव्हता. वेळ साधणं म्हणतात ते हेच, असं मला त्या दिवशी नीट कळलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर भीती कधी दिसते याची वाट बघायची नसते. टेबलावर असं पान पडायला हवं, जे माझ्या आधीच्या प्रत्येक कृतीला अर्थ देईल.

शिवाय तो इस्पिक राजा. तो मनीमेकरच्या हातात होता, म्हणजे फारहाकडे राजाचा फ्लश असूच शकत नव्हता. याला ब्लॉकर म्हणतात, आणि पाचवं सत्र त्यावरच होतं. एकच आकडेमोड सांगते, कारण ती मला पाठ झाली आहे. टेबलावर तीन इस्पिकं असतील तर दहा उरतात आणि त्यांतून दोन-दोनच्या 45 जोड्या होतात. इस्पिक एक्का माझ्या हातात असेल तर उरली नऊ, जोड्या 36. समोरच्याकडे फ्लश असण्याच्या वाटा पाचव्या भागाने कमी झाल्या. आणि ज्या नऊ गेल्या, त्या म्हणजे एक्क्याचा फ्लश, जो काही झालं तरी फोल्ड होत नाही.

सहाव्या सत्रानंतरच्या आठवड्यात मला हे वापरायला मिळालं. मी बटणावर, इस्पिक एक्का आणि चौकट नव्वी. रेझ 55, मोठ्या ब्लाइंडचा कॉल, पॉट 120. फ्लॉप इस्पिक राणी, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. त्याचा चेक, माझी 40 ची बेट, कॉल. पॉट 200. टर्नला इस्पिक दुर्री. त्याचा चेक. आता माझ्या बाजूला चार इस्पिकं, न दिसणाऱ्या 46 पानांत नऊ इस्पिकं, म्हणजे पाचातून एकदा सर्वांत वरचा फ्लश. मी 130 लावले. तो थांबला, स्वतःची पानं पुन्हा एकदा उचलून पाहिली. मॅडम म्हणाल्या होत्या, की तीन इस्पिकं पडल्यावर कुणी पानं पुन्हा पाहिली तर बहुतेकदा तो "माझ्याकडे एखादं इस्पिक आहे का" हे बघत असतो. ज्याचा फ्लश झाला आहे त्याला ते आठवत असतं. त्याने कॉल केलं. पॉट 460. रिव्हरला चौकट गुलाम, मला काहीच नाही. त्याचा चेक.

मी नाव घेतलं. मनातल्या मनात, शब्दांत. माझ्याकडे इस्पिक एक्का-राजा आहे. डावाआधी रेझ केलं असतं का? हो. फ्लॉपला छोटी बेट? हो. टर्नला फ्लश झाल्यावर मोठी? हो. आता? पूर्ण पॉट. कुठेही चूक सापडली नाही. त्याच्याकडे राणी असावी असं वाटत होतं, आणि हा खेळाडू विचार करून पानं टाकू शकणारा आहे हे वहीत दिसत होतं. 460 मोजून पुढे ठेवले आणि हात टेबलावर तसेच राहू दिले. दीड-दोन मिनिटं गेली असतील. त्याने राणी-दश्शी उघडी करून टाकली आणि म्हणाला, "ताई, फ्लश होता ना?" मी पानं न दाखवता पालथी सरकवली. मला आनंद झाला तो चिप्सचा नव्हता. तो डाव मी रिव्हरपासून मागे वाचला तेव्हा तो नीट वाचता आला, याचा होता.

हे वाचून कुणाला वाटेल की आता मी प्रत्येक डावात ब्लफ करते. उलट आहे. आमच्यात एक मैत्रीण आहे, ती कुठलीही जोडी असेल तर फोल्ड करत नाही. मी तिच्याविरुद्धचे माझे चार फसलेले ब्लफ पाठवले, तेव्हा मॅडमचा शेरा एका ओळीचा होता. "यांच्यासमोर चांगली पानं आली की मोठी बेट लावा, नाही आली की चेक करा, ब्लफ विसरा." गोष्ट कितीही चांगली रचली तरी ऐकणारं कुणी हवं. जी फक्त स्वतःची दोन पानं पाहते आणि माझ्या हातात काय असेल हा विचारच करत नाही, तिला गोष्ट सांगून काय होणार? त्या महिन्यात तिच्याविरुद्ध माझा हिशेब पहिल्यांदा वर आला.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

सातवं सत्र वाया गेलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सॉल्व्हरचे, म्हणजे सर्वोत्तम खेळी मोजून काढणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमचे, निकाल दाखवले. पडद्यावर रंगीत चौकोन, या हातावर इतके टक्के बेट, त्या हातावर इतके टक्के चेक. का, हे विचारलं की उत्तर "सॉल्व्हर असं सांगतो." ज्या मॅडमनी तीन पानांवर मला कारण शोधायला लावलं, त्यांनी इथे निकाल वाचून दाखवावा हे मला खटकलं. संगणक आपल्यापेक्षा चांगलं खेळतो हे मी मानते. 2017 मध्ये लिब्रॅटस या प्रोग्रॅमने दोघांच्या पोकरमध्ये चार नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं आणि 2019 मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर. पण मी ते आकडे पाठ करून टेबलावर वापरू शकत नाही, आणि माझ्यासमोर बसलेली माणसं तशी खेळतही नाहीत. मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण सत्र पुन्हा घेतलं नाही.

दुसरी तक्रार, पाठवलेल्या डावांवर शेरे तीन दिवसांत येतील असं सांगितलं होतं. दोनदा नऊ-नऊ दिवस लागले. तोपर्यंत डाव डोक्यातून गेलेला असतो, त्या वेळी मनात काय चाललं होतं ते आठवत नाही, आणि ब्लफमध्ये तेच तर तपासायचं असतं. तिसरी, तीन किंवा जास्त जण पॉटमध्ये असतानाचा ब्लफ फक्त दुसऱ्या सत्रातल्या त्या आकड्यांपुरता आला. घरगुती टेबलावर निम्मे पॉट असेच असतात. यावर स्वतंत्र सत्र हवंच.

चेहऱ्यावरून, हातांच्या थरथरीवरून ओळखण्याबद्दल जवळजवळ काही शिकवत नाहीत. काहींना हे उणं वाटेल. मला नाही वाटलं. पानं पुन्हा पाहणं, कॉल करायला लागलेला वेळ, चिप्स मोजण्याची पद्धत, एवढ्यावर त्या थांबतात आणि त्याही नेहमी बेटच्या इतिहासाला जोडून सांगतात.

नोंदवहीबद्दल मात्र सांगायलाच हवं. प्रत्येक ब्लफची एक ओळ लिहायची. पॉट किती, बेट किती, कुठल्या पानांचं नाव घेतलं, निकाल काय. आठ आठवड्यांत माझ्या अर्ध्या पॉटच्या 23 बेट झाल्या आणि त्यांतल्या 9 पचल्या. 33 टक्के हवे होते, 39 मिळाले. पूर्ण पॉटच्या 14 झाल्या, पचल्या 6. 50 हवे होते, 43 मिळाले. आकडे थोडे आहेत, त्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही, हे मॅडमनीच बजावलं. तरी ओळी वाचत गेले तेव्हा एक गोष्ट दिसली. फसलेल्या आठ मोठ्या ब्लफपैकी पाचांच्या "नाव" या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नव्हतं. रकाना रिकामा, आणि बेट पूर्ण पॉटची.

कुणी घ्यावी ही शिकवणी? ज्याला नियम आणि हातांची उतरंड पक्की येते, जो एकाच गटाबरोबर पुन्हा पुन्हा खेळतो आणि डाव लिहून काढायचा कंटाळा करत नाही, त्याने जरूर घ्यावी. लिहायचं नसेल तर घेऊ नका, कारण निम्मं शिकणं त्या वहीत आहे. ज्यांना अजून कुठल्या पानांवर उतरावं हेच ठरवता येत नाही त्यांना ही लवकर होईल. पाचपैकी चार तारे. एक कापला तो सातव्या सत्राचा आणि उशिरा आलेल्या शेऱ्यांचा.

आणखी दोन सत्रं मी ठरवली आहेत. सॉल्व्हर नको, असं आधीच कळवलं आहे. त्या दोन्हींत फक्त पूर्ण पॉटच्या त्या 14 डावांची तपासणी करायची, रिव्हरपासून मागे. पहिले पाच डाव काल रात्री लिहून पाठवले, रिकामा रकाना असलेले.